लायसन मिळालं, आता बोनेट उघडायला कोण शिकवणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात समृद्धी महामार्गावर टायर फुटून गाडी उलटल्याची बातमी येते तेव्हा त्यात गाडी कोणती, माणसं कुठली, लग्नाला चालली होती की दर्शनाला, सगळं असतं, पण टायर का फुटला हे काही केल्या येत नाही, जणू टायर ही आपोआप फुटणारी वस्तू आहे आणि ज्याच्या नशिबात असेल त्याचा फुटतो. माझं सिन्नरजवळ नाशिक-पुणे रोडला छोटं गॅरेज आहे, समृद्धीचं गोंदे इंटरचेंज आमच्याच तालुक्यात, मे 2023 मध्ये शिर्डी ते भरवीर टप्पा चालू झाला तेव्हापासून तर नव्या गाड्या आणि त्याहून नवे ड्रायव्हर रोज बघतोय, आणि जे बघतोय त्यावरून सांगतो, टायर फुटायची निम्मी तयारी घरच्या पार्किंगमध्येच झालेली असते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर बाकीचं कापा, टायरचं आणि घाटाचं तेवढं ठेवा.

आधी मूळ तक्रार. ड्रायव्हिंग क्लासला कॉलेजची पोरं-पोरी जातात, रिटायर झालेली माणसं जातात, आता तर बऱ्याच गृहिणी पण शिकतात, चांगलीच गोष्ट आहे. क्लासच्या गाडीला मास्तरच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो, निम्मी गाडी मास्तरच चालवत असतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. मग आठ काढायचा, रिव्हर्स घ्यायची, चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची, टेस्ट पास, लायसन पोस्टाने घरी. या सगळ्यात बोनेट एकदाही उघडलेलं नसतं. कायद्यात बघायला गेलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम 31 मध्ये ड्रायव्हिंग स्कूलचा अख्खा अभ्यासक्रम दिलाय, खाजगी गाडीसाठी कमीत कमी 21 दिवस ट्रेनिंग आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं निदान 10 तास. त्या अभ्यासक्रमात गाडीची यंत्रणा आणि दुरुस्ती असा एक भाग आहे, देखभाल असा वेगळा भाग आहे. पण खाजगी गाडी शिकणाऱ्याला जे भाग लागू केलेत त्यात हे दोन्ही नाहीत, देखभाल आली ती ट्रक-बसवाल्यांच्या वाट्याला. आता मला सांगा, ट्रकवाला तसाही क्लिनर म्हणून उस्तादाच्या शिव्या खात खात सगळं शिकतोच, ज्याला खरी गरज आहे त्या कारवाल्यालाच ते शिकवायचं नाही, हा कुठला न्याय? प्रथमोपचाराचा भाग मात्र सगळ्यांना आहे, तो किती क्लासमध्ये खरोखर शिकवतात ते तुमच्या वार्ताहराने एकदा जाऊन बघावंच.

आता टायर. समृद्धी नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, पूर्ण रस्ता जून 2025 पासून चालू आहे, कारला सपाटीवर 120 ची परवानगी. 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. गावातल्या गावात चाळीसने फिरणारी गाडी, जिची हवा चार महिन्यांत कोणी बघितली नाही, ती एक दिवस पाच माणसं आणि डिकीत बॅगा भरून तासन् तास त्या स्पीडने पळवायची. हवा कमी असली की टायर खाली बसतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची साईडची भिंत दाबली जाते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते, वरून उन्हाळ्याचं ऊन आणि खालून तापलेलं काँक्रीट, आतल्या तारा आणि कापडाचे थर सुटायला लागतात आणि मग एका क्षणी जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नवा कोरा टायर होता हो. नवा असला म्हणून काय झालं, हवेच्या मीटरवर 33 पाहिजे तिथं 22 असेल तर नवा पण जाणारच.

यात एक गैरसमज इतका पक्का बसलाय की काय सांगू. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची म्हणे, गरम होऊन फुगते म्हणून. अहो उलटं आहे. कमी ठेवली की जास्त गरम होतो. कंपनीने जो आकडा दिलाय तोच ठेवायचा, उन्हाळा असो की हिवाळा. तो आकडा कुठं आहे तर ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, रिकाम्या गाडीला वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीला वेगळा. तो फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, कारण पंपावरचा हवा भरणारा पोऱ्या सगळ्या गाड्यांना एकच आकडा मारतो, त्याला काय पडलंय. आणि हवा सकाळी बघायची, गाडी गार असताना. शंभर किलोमीटर पळवून आल्यावर मीटर लावला तर आकडा चार-पाचने जास्त दिसतो, मग लोक घाबरून हवा सोडतात, आणि टायर गार झाला की हवा कमी. नायट्रोजन भरला की बघायला नको असं पण काही लोक समजतात, बघायला लागतंच, नायट्रोजन पण गळतो. समृद्धीवर चढायच्या आधी हवा बघायला पाच मिनिटं लागतात, टोलच्या रांगेत आपण त्याहून जास्त वेळ घालवतो.

टायर गोटा म्हणजे झिजून गुळगुळीत झालाय का हे बघायला मिस्त्री लागत नाही. खाचांमध्ये मधेमधे रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, टायरची नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं, कायद्याने तिथं टायर संपला. पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी बदलावा, कारण त्या खाचांचं कामच खालचं पाणी बाहेर फेकायचं असतं, ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तेव्हा ब्रेक मारला की गाडी गिरकी घेते. आणि झीज नसली तरी वय बघा. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात, 2319 लिहिलं असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला आहे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय टोकन देऊच नये, मागच्या महिन्यात एक जण आला, गाडी एकदम चकाचक, सीटकव्हर नवे, पॉलिश मारलेलं, टायर काळेभोर चमकतायत, खाली वाकून बघितलं तर सात वर्षांचे टायर आणि भिंतीला केसासारख्या चिरा. त्याला म्हटलं दादा हे काळं पॉलिश आहे, आत बिस्कीट झालंय. त्याच गाडीने तो दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन नागपूरला निघणार होता.

समजा चालत्या गाडीत टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, त्या वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, म्हणूनच आधीपासून डोक्यात बसलेलं पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, गाडी सरळ ठेवायची, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, स्पीड आपोआप उतरू द्यायचा आणि मग डावीकडे घ्यायची. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसरा हात खिडकीबाहेर अशी जी स्टाईल आहे ना, त्यात हे जमत नाही.

थांबल्यावर काय? इथं पण लोक मरतात, पंक्चर झालं म्हणून नाही तर थांबले म्हणून. कुटुंब गाडीत बसलेलं, एसी चालू, आणि साहेब उजव्या बाजूचं चाक खोलतायत, पाठ ट्रॅफिककडे. एक्सप्रेसवेवर असं करू नका हात जोडतो. चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डावीकडच्या दारातून उतरवा, कठड्याच्या पलीकडे उभं करा, तो लाल त्रिकोण असतो ना डिकीत, जो नवी गाडी घेतल्यापासून प्लॅस्टिकमध्येच आहे, तो निदान 50 मीटर मागे नेऊन ठेवा, हायवेला त्याहून लांब ठेवला तर उत्तम, आणि मदतीला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033, नाहीतर 112 कुठूनही लागतो, कोणाला लागलं असेल तर 108.

साध्या रस्त्यावर, सुरक्षित सपाट जागा असेल तर स्टेपनी स्वतः बदलता आलीच पाहिजे. आधी हँडब्रेक, पहिला गिअर, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड. गाडी जॅकवर उचलायच्या आधी नट अर्धा फेरा ढिले करायचे, कारण चाक हवेत गेल्यावर पान्याला जोर लावला की चाकच फिरतं आणि गाडी जॅकवरून सटकायची भीती. जॅक कुठंही लावायचा नाही, दरवाज्याखालच्या पत्र्याला चाकाजवळ दोन खाचा असतात तिथंच लावायचा, नाहीतर पत्रा आत जातो. आणि जॅकवर गाडी असताना डोकं खाली घालायचं नाही, काही पडलं असेल तर पडू द्या. नट बसवताना समोरासमोरचे आवळत जायचं, पन्नासेक किलोमीटर गेल्यावर परत एकदा पाना लावून बघायचं. हे सगळं ठीक, पण स्टेपनीत हवा आहे का? माझ्याकडे येणाऱ्या नव्या ड्रायव्हरला मी हा प्रश्न विचारतो आणि तो माझ्याकडे बघतच राहतो. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी बाकीच्या टायरपेक्षा छोटी असते, तिच्यावर 80 ची मर्यादा लिहिलेली असते, ती लावून परत 120 ने निघायचं नसतं. आणि 2020 च्या ऑक्टोबरपासून नियम बदललाय, टायरचं प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट दिलं असेल तर कंपनी स्टेपनी न देताही गाडी विकू शकते, तेव्हा आपल्या डिकीतल्या गालिच्याखाली नेमकं काय आहे ते आजच उचलून बघा.

घाटाचं लिहितो म्हटलं होतं. आमच्या बाजूची माणसं वणीच्या गडावर जातातच, नांदुरीतून सप्तशृंगीचा घाट चढतात, नवी गाडी असेल तर पूजा तिथंच. चढताना फार काही होत नाही, फार तर गाडी बंद पडते आणि मागचा हॉर्न वाजवतो. खरा खेळ उतरताना. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल टाकतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला जी व्हॅक्यूमची मदत असते ती एक-दोन वेळा पाय दाबेपर्यंतच पुरते, नंतर पेडल दगडासारखं कडक, पॉवर स्टिअरिंग जड, आणि चुकून चावी काढली तर स्टिअरिंग लॉक. बरं पेट्रोल तरी वाचतं का, तर आजकालच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंजिनचं पेट्रोल तोडतोच, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं लागतं. म्हणजे चार थेंबांची बचत पण नाही आणि जीव टांगणीला.

नियम जुनाच आहे, जो चढ ज्या गिअरमध्ये चढली असती तो उतार त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक फक्त वळणापुरता. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड किंवा एल वापरायचा, तो दांडा शोभेला दिलेला नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड आणि डिस्क इतके तापतात की जळका वास यायला लागतो, पुढं पेडल दाबलं तरी गाडी पाहिजे तशी थांबत नाही, ब्रेक ऑईल जुनं असेल तर त्यात उकळून बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. वास आला की कडेला रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास गप्प बसा. नवरात्रात नांदुरीला बघा, चाकातून धूर निघतोय आणि कोणीतरी बिसलरीची बाटली घेऊन डिस्कवर पाणी ओततोय. असं करायचं नाही, लालबुंद लोखंडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होते किंवा तडकते, मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं म्हणून आमच्याकडे येतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे जो उतार आहे तिथं नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने एकापाठोपाठ कित्येक गाड्यांना ठोकलं, तो उतार तर घाटासारखा दिसत पण नाही. अशा ठिकाणी आरशात मागे बघत राहणं हे पण ड्रायव्हिंगच आहे.

एबीएसबद्दल एक, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम. 2019 च्या एप्रिलपासून नव्या कारना ते सक्तीचं आहे, तरी नव्या ड्रायव्हरला माहीतच नसतं की जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कडकड करत थरथरतं, तो घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही, तसाच दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने चुकवायचं, ते थरथरणं म्हणजेच एबीएस काम करतंय. रिकाम्या मैदानात एकदा मुद्दाम मारून बघा, मागे कोणी नाही याची खात्री करून.

बोनेटखाली नव्या माणसाने फार हात घालायची गरज नाही, तीन-चार गोष्टी बघता आल्या तरी खूप झालं. इंजिन ऑईलची काडी, पिवळी नाहीतर केशरी मूठ असते. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, काडी काढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालून काढायची, ऑईल दोन खुणांच्या मधे पाहिजे. कुलंटची म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पांढरट डबी असते, तिच्यावर पण खालची-वरची खूण असते, बाहेरूनच दिसतं. कुलंट कमी झालं तर बोअरचं पाणी घालू नका, आमच्याकडे पाण्यात इतके क्षार आहेत की रेडिएटरची नळी आतून चुन्याने बुजते. आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत प्रेशरखाली उकळतं पाणी असतं, ते उडून तोंड-हात भाजलेली माणसं मी बघितलीत. काटा वर चढला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, जागा बघून थांबा, इंजिन बंद करा आणि गार होईपर्यंत चहा प्या.

आता मीटरमधले दिवे. पिवळा लागला तर जवळच्या गॅरेजला दाखवा, लाल लागला तर थांबा, इतकं जरी क्लासमध्ये सांगितलं असतं तरी किती इंजिनं वाचली असती. एक उदाहरण देतो. एक तरुण जोडपं, गाडी वर्षाचीसुद्धा नाही, गावाकडच्या रस्त्यावर बिनरंगाचा उंच स्पीडब्रेकर, खालून धाडकन आवाज, इंजिनखालचा ऑईलचा चेंबर फुटला. त्यांना कळलं नाही. थोड्या वेळाने ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लागला, गाडी तर चालतेय म्हणून पुढं निघाले, घर वीस-पंचवीस किलोमीटरवर होतं. घर काही आलं नाही, इंजिन आधी जाम झालं. टो करून माझ्याकडे आणली तेव्हा चेंबरमध्ये ऑईलचा एक थेंब नव्हता आणि बेअरिंग निळे पडलेले. चेंबर बदलायला काही हजार लागले असते, इंजिनच्या कामात त्याच्या कितीतरी पट गेले, आणि इन्शुरन्सवाले म्हणाले चेंबरचं देतो, ऑईल नसताना चालवलीत त्याचं नाही. तो लाल किटलीचा दिवा लागला की पुढच्या चौकापर्यंत पण जायचं नाही, तिथंच कडेला, इंजिन बंद. त्या पोराला तीन वेळा विचारलं, क्लासमध्ये हा दिवा कधी दाखवला होता का, तो म्हणाला मास्तर म्हणायचे मीटरकडे बघू नका, रस्त्याकडे बघा.

असंच पावसाचं. पाण्यात गाडी बंद पडली की परत सेल्फ मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलेलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करा. वायपरची रबरं उन्हाने कडक होतात, मृग लागायच्या आधी बदलून घ्या, शे-दोनशेच्या रबरापायी आयुष्य पणाला कशाला लावायचं. आतून काचेवर धुकं धरलं की फडक्याने पुसत बसतात आणि पुसतापुसता समोरच्याला जाऊन ठोकतात, एसी चालू करून हवा काचेवर मारा, मिनिटात साफ होतं. आणि पाऊस जोरात आला की चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची जी फॅशन आलीय ती बंद करा हो कोणीतरी, मागच्याला कळतच नाही तुम्ही उभे आहात की चाललाय की वळताय. हेडलाईट लावा, डिपरवर, बास.

रात्रीचं आमच्या रस्त्याचं वेगळं आहे. रामनवमीच्या आधी मुंबईहून शिर्डीला पालख्या घेऊन माणसं घोटी-सिन्नरवरून चालत जातात, रात्री पण चालतात. कांद्याचे ट्रॅक्टर मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, कारखाना चालू असला की उसाच्या बैलगाड्या. अशा वेळी हेडलाईटच्या काचा पिवळ्या पडलेल्या किंवा चिखलाने भरलेल्या असल्या की समोरचं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. लाईटचा फोकस गॅरेजमध्ये भिंतीवर मारून जुळवून घेता येतो, त्यासाठी ते निळे-पांढरे झगझगीत बल्ब लागत नाहीत, ते बल्ब समोरच्याला आंधळा करतात एवढंच.

गाडीच्या आतल्या गोष्टी लहान वाटतात पण ऐका. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका, ब्रेक मारला की ती गडगडत पेडलखाली येते आणि पेडल दबत नाही. बाजारातली जाड मॅट, जी सरकते, ती पण तशीच, ॲक्सिलरेटरवर चढून बसते. डॅशबोर्डवर बाप्पा असतो, महाराज असतात, असायलाच पाहिजेत, पण डावीकडे जिथं एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं आहे तिथं मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते आणि ती मूर्ती गोळीसारखी समोरच्या माणसाच्या तोंडावर येते. देवाला मधे बसवा, छोटा बसवा. याच कारणाने लहान पोराला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. पुढं लावलेले लोखंडी बंपर गार्ड तर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवलेत, त्याने पायी जाणाऱ्याला जास्त लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो, तरी ॲक्सेसरीजवाले लावून देतातच आणि आपण हौसेने लावतो.

आणि बेल्ट. बेल्ट न लावता वाजणारा टुंगटुंग बंद करायला खोट्या क्लिपा मिळायच्या, मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तरी माझ्याकडे सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्यांत अजून सापडतात. मी काढून डॅशबोर्डवर ठेवतो, काही लोक चिडतात. मागच्या सीटचं तर कोणी मनावरच घेत नाही. सायरस मिस्त्रींचा 4 सप्टेंबर 2022 चा पालघरचा अपघात सगळ्या देशाने बघितला, एवढी महागडी सुरक्षित गाडी, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि तेच दोघं गेले. त्यानंतर आठ दिवस सगळ्यांनी मागचे बेल्ट शोधले, मग परत सीटकव्हरच्या खाली गेले. ते कव्हर कापून बेल्टच्या क्लिपा वर काढून देणं हे आता माझं एक नेहमीचं काम झालंय, त्याचे मी पैसे घेत नाही.

सीएनजीवाल्यांसाठी थोडक्यात, टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी लागते, टाकीजवळ किंवा बोनेटखाली प्लेट असते त्यावर तारीख बघा, आणि गॅस भरताना झोपलेल्या पोरांसकट सगळ्यांना खाली उतरवा, पंपवाल्याने सांगायची वाट बघू नका.

काही लोक म्हणतील हा गॅरेजवाला स्वतःचा धंदा वाढवतोय. उलट आहे साहेब. ज्याला काडी बघता येते त्याचं इंजिन माझ्याकडे कशाला येईल, माझं तर नुकसानच आहे. मोठ्या सर्व्हिस सेंटरला माणूस गेला की त्याला टेफ्लॉन कोटिंग, एसीची फवारणी, इंजिन फ्लशिंग असली लांबलचक यादी दाखवतात आणि नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याने फक्त एवढं विचारावं, ब्रेक पॅड किती उरलेत दाखवा, आणि ब्रेक ऑईल कधी बदललंय. दोन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर बदला म्हणावं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग वर घाटाचं सांगितलं तसं होतं. ऑईल साधारण 10 हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते, पण खरं उत्तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात आहे, जे ग्लोव्ह बॉक्समध्ये पेढ्याच्या डब्याखाली दबलेलं असतं.

आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. एक म्हणजे अपघाताच्या बातमीत शक्य असेल तेव्हा टायर किती जुने होते, बेल्ट लावले होते का, गाडी न्यूट्रलला होती का हे पोलिसांना आणि आरटीओला विचारून लिहा, नुसतं टायर फुटला लिहून सोडू नका. दुसरं म्हणजे परिवहन खात्याकडे हा विषय लावून धरा की खाजगी गाडी शिकणाऱ्यालाही देखभालीचा भाग सक्तीचा करा, आणि टेस्टला एकदा बोनेट उघडून ऑईलची काडी दाखव, या टायरला हवा किती पाहिजे सांग, हा लाल दिवा कसला, एवढे तीन प्रश्न विचारा, उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्यात परत या म्हणा. यासाठी नवी मशीन लागत नाही की नवा ट्रॅक लागत नाही.

तोपर्यंत आमच्या भागातल्या क्लासवाल्यांना माझं सांगणं आहे की शेवटच्या दिवशी शिकणाऱ्यांना माझ्या गॅरेजला घेऊन या, काडी, कुलंट, हवा, स्टेपनी, जॅक सगळं त्यांच्या हाताने करून घेतो, एक पैसा नको. फक्त सकाळी नऊच्या आत आणा, नंतर गाड्यांची रांग लागते, आणि येताना जुने कपडे घालून या म्हणावं, ऑईलचे डाग निघत नाहीत.

आपला नेहमीचा वाचक,
एक गॅरेजवाला, सिन्नर (जि. नाशिक)